गाईच्या पोटातला दर्या

थेंबाताईला गाईची भीती वाटायची. कुत्र्याची नाही, पालीची नाही, गाईची. आणि पन्नाशी उलटल्यावर नोकरी लागली ती नेमकी गोठ्यात.

तोवरचं सगळं आयुष्य तिनं एका अत्तराच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काढलं होतं. खोलीला एक उंच झरोका, एक लांब टेबल आणि भिंतीशी ओळीनं मांडलेले तेलांचे डबे. मोठ्या डब्यातून छोट्या कुपीत तेल उतरवायचं, एवढंच तिचं काम. काचेची नळी तेलात बुडवायची, वरच्या तोंडावर बोट दाबायचं, नळी कुपीवर आणायची आणि बोट इतकं अलगद सैल करायचं की एकच थेंब पडावा. दुसरा पडायच्या आत बोट पुन्हा जागेवर. दुकानाचे मालक म्हणायचे, आमच्याकडे चोरी झाली तरी चालेल, पण सांडणार काही नाही. त्यांनीच तिला थेंबाताई म्हणायला सुरुवात केली आणि पुढं सगळ्या गल्लीनं ते नाव उचललं. नाकासमोर चालणारी बाई, असं लोक म्हणायचे, आणि तिच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. रस्त्यानं जाताना ती दुकानाच्या पाट्या वाचत नसे. साबणाचा वास आला की उजवीकडं वळायचं, पावाच्या भट्टीचा आला की घर जवळ आलं.

मालक थकले, मुलीकडं राहायला गेले आणि दुकान मोबाइलवाल्यानं घेतलं. शेवटच्या दिवशी शटर अर्धं ओढलेलं असताना एक गिऱ्हाईक वाकून आत आलं. ही एक तरुण डॉक्टरीणबाई, जनावरांची. ती कधी अत्तर नेत नसे, नुसती कच्ची तेलं न्यायची. लवंग, दालचिनी, पुदिना, रानओवा. उरलेली सगळी तिनं मागितली, तेव्हा थेंबाताईनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, की एवढ्या तेलाचं करता तरी काय.

"गाईंना देते," डॉक्टरीणबाई म्हणाली.

माश्या बसू नयेत म्हणून अंगाला लावत असतील, असं थेंबाताईला वाटलं. पण नाही, ती खायला देत होती. मग तिथंच, रिकाम्या डब्यांच्या मधे उभं राहून, डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक मोठा रांजणच. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात आणि गवत, कडबा, भरडा जे येईल ते आंबवून गाईच्या अंगी लावतात. ते आंबताना वायू होतो, गाय तो ढेकरांवाटे बाहेर टाकते आणि चाऱ्यातला थोडा कस त्या ढेकरांबरोबर हवेत जातो. त्या जिवांतले काही कामाचे, काही उधळे. वनस्पतींच्या तेलांनी उधळ्यांना जरा चाप बसतो का, हे तिच्या पशुसंशोधन केंद्रावर पाहायचं चाललं होतं. पण तेल थोडं जास्त झालं तर कामाचे जीवही जायचे. थेंबाथेंबाचा मामला. आधीची मदतनीस वासानं डोकं धरून निघून गेली होती.

"तुमचा हात मी बरीच वर्षं पाहतेय," ती म्हणाली. "येता का?"

थेंबाताई हो म्हणाली. दुसरं कुणी विचारणार नव्हतं हेही तिला माहीत होतं.

केंद्र शहराच्या टोकाला होतं, बस जिथं वळून परत फिरते तिथं. पांढऱ्या चुन्याची बैठी इमारत, तिला लागून लांब गोठा आणि दोन्हींच्या मधे काट्याची, म्हणजे वजनाच्या काट्याची, खोली. थेंबाताईनं ती खोली पाहिली आणि तिचा जीव भांड्यात पडला. टेबल होतं, नळ्या होत्या, झरोकासुद्धा होता. मोजलेल्या भुशात तेल टाकायचं, हातानं चोळून एकजीव करायचं, पाट्या भरून दारात ठेवायच्या. तिथून पुढं त्या गव्हाणीपर्यंत न्यायचं काम मामांचं.

मामा म्हणजे गोठ्याचे कारभारी. ठेंगणे, रुंद, आणि बोलायला लागले की गाईसुद्धा मान वळवून ऐकायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला गोठा दाखवायला नेलं. ती दारातच थबकली. समोर एक तांबडी गाय उभी होती आणि तिच्या डाव्या कुशीत, बरगड्यांच्या मागं, बशीएवढं गोल रबरी झाकण बसवलेलं होतं.

"ही खिडकी," मामा म्हणाले. "गाईचं नावच ते. झाकण डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून बसवलंय. दुखत नाही तिला, कानात डूल असावं तसं झालंय. झाकण काढलं की थेट पोटात. पाहता का, आत कोण राहतं ते?"

थेंबाताई पाहिलं न पाहिलंसं करून जी वळली ती काट्याच्या खोलीत जाऊन बसली. शेजारी तसंच झाकण असलेली आणखी एक गाय होती, काळी, वयानं लहान. तिला सगळे धाकटी म्हणत. खिडकीला तेलाचा भुसा, धाकटीला साधा, अशी ती तुलना होती. पण हे तिला पुढं कितीतरी दिवसांनी उमगलं, कारण ती गोठ्यात जातच नव्हती.

मग एक दुपार आली. ऊन कौलांवर पसरलं होतं, पाखरंसुद्धा गप्प होती. पाट्या दारात तशाच पडून राहिल्या म्हणून ती मामांना शोधत गोठ्यात गेली. गाई बसल्या होत्या. जबडे संथ, एकाच लयीत फिरत होते आणि डोळे अर्धे मिटलेले. असा वेळ थांबून राहिल्यासारखा तिनं कधी पाहिला नव्हता. मामा खिडकीच्या पाठीला टेकून बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि तिला खुणेनं बोलावलं. कान लावा, एवढंच म्हणाले.

का कोण जाणे, ती गेली. गाईच्या डाव्या कुशीला, झाकणाच्या जरा खाली, तिनं कान लावला. आधी काहीच नाही. मग खोल कुठून तरी एक लाट उठली, गडगडत वर आली, फुटली आणि मागं सरली. थोडी शांतता. पुन्हा लाट. आत दर्या होता. कडब्याचा, पाण्याचा, आंबूस उबेचा दर्या, आणि त्यावर तिनंच सकाळी मोजून टाकलेल्या लवंगेचा पुसटसा तवंग. गाईनं श्वास घेतला की तिचं डोकं वर उचललं जायचं, सोडला की खाली यायचं. ती नावेत बसली आहे, नाव कुणी वल्हवत नाही आणि तरी कुठंतरी चालली आहे, असं काहीतरी तिला वाटत राहिलं.

जागी झाली तेव्हा गोठ्यातलं ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलं होतं. मामा धारा काढत होते. ते इतकंच म्हणाले, की माणसाला झोप लागते म्हणजे गाईची तब्येत उत्तम आहे. त्या दिवसापासून थेंबाताईची भीती गेली ती गेलीच.

घरी मात्र वेगळी शांतता होती. घर म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि त्यात ती आणि तिची भावजय. धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेला. तेव्हापासून भावजयीनं बोलणं टाकलं होतं. रुसवा नव्हता, राग नव्हता, शब्दच आटले होते. भर उन्हाळ्यात शाल पांघरून पलंगाच्या कडेला बसायची. हात सदा गार. ताटातलं अर्धं ताटातच राहायचं. नणंद-भावजयीचं एरवी विळ्याभोपळ्याचं असतं म्हणतात. या दोघींचं कधी भांडणही झालं नव्हतं, कारण मधे तो असायचा, दोघींचं ऐकून दोघींना हसवणारा. आता मधे कुणी नव्हतं आणि दोघींना एकमेकींशी बोलायचं कसं तेच ठाऊक नव्हतं.

थेंबाताई संध्याकाळी घरी यायची ती वासासकट. किती हात धुतले, कपडे बाहेर वाळत टाकले, तरी तेल कातडीत मुरलेलं असायचं. ज्या आठवड्यात गाईला जे तेल, तेच घरभर. भावजयीला त्रास होत असणार, अशी तिला मनातून टोचणी होती. पण विचारणार कसं?

एका संध्याकाळी ती चपला काढत होती आणि खोलीतून आवाज आला.

"आज लवंग का, वन्सं?"

थेंबाताई एक चप्पल पायात ठेवूनच उभी राहिली. मग शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "हो. हा सगळा आठवडा लवंगच."

तेवढंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना भावजय आपण होऊन म्हणाली, की पहाटे स्वप्न पडलं. कोपऱ्यावरचा दात काढणारा म्हातारा स्वप्नात आला होता आणि शहरभरच्या लोकांचे दात दोऱ्यात ओवून दाराला तोरण लावत होता. थेंबाताईला हसू फुटलं. भावजयही किंचित हसली, लवंगेचा गुण, म्हणाली. पुढं पुदिन्याचा आठवडा आला तेव्हा तिच्या स्वप्नात एक हिरवं तळं आलं. त्यात ती गळ्यापर्यंत उभी होती आणि पाणी गार नव्हतं. दालचिनीच्या दिवसांत तिचा नवरा आला, शिडीवर चढून कुठलीशी पाटी रंगवत होता. पण पाटीवर अक्षरं नव्हती, नुसता रंग होता, तांबूस तपकिरी, आणि तो दिवसभर तोच रंग देत राहिला. हे सांगताना ती रडली नाही. पाव चहात बुडवून सावकाश खात राहिली. थेंबाताईच्या मनात आलं, आता रोज सकाळी स्वप्न ऐकायची सवय लागली आहे, आणि उद्या तेलच बदललं नाही तर?

केंद्रावर काम पुढं सरकत होतं. सकाळी डॉक्टरीणबाई खिडकीचं झाकण काढायची, पोटातला लगदा फडक्यातून गाळून पाणी थर्मासमध्ये भरायची, गार पडता कामा नये म्हणून धावतपळत आत न्यायची. तिथं बाटल्यांत ते पाणी, चिमूट चारा आणि थेंबाताईचा एकेक थेंब, असं कोमट पाण्याच्या टाकीत हेलकावत ठेवायचं. बाटल्यांना जोडलेल्या काचेच्या पिचकाऱ्यांचे दांडे मग आत साठणाऱ्या वायूनं आपोआप वर चढत. बाटल्या ढेकर देतात, असं डॉक्टरीणबाई म्हणायची. रानओव्याच्या बाटल्यांचा दांडा इतरांपेक्षा हळू चढायचा. ते पाहताना दोघींना कोण आनंद व्हायचा.

एकदा तिनं थेंबाताईला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेवर खिडकीच्या पोटातलं थेंबभर पाणी होतं. थेंबाताईनं डोळा लावला आणि कितीतरी वेळ वर घेतलाच नाही. थेंब जिवंत होता. अंडाकृती, केसाळ, काचेसारखे जीव इकडून तिकडं पोहत होते, एकमेकांना धडकत होते, गवताच्या तुसाला बिलगून गोल फिरत होते. जन्मभर तिनं थेंब हाताळले होते, पण ते सगळे निश्चल, गोल, पूर्ण. थेंबाच्या आत गर्दी असू शकते हे तिला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी वळीव पडून गेला होता आणि ती बसमधून घरी गेली ते काचेवरच्या पाण्याच्या ओघळांकडं, रस्त्यावरच्या डबक्यांकडं नव्या नजरेनं पाहत.

उन्हाळा सरता सरता ठरल्याप्रमाणे रानओव्याची मात्रा वाढवली. डॉक्टरीणबाईला कुठपर्यंत जाता येतं ते पाहायचं होतं. मामांनी भुशाचा वास घेऊन नाक मुरडलं आणि अति तिथं माती, असं पुटपुटले. पण ते दर बदलाला तसंच पुटपुटत, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. पहिले काही दिवस काही झालं नाही. मग खिडकी गव्हाणीत तोंड घालून तसंच बाहेर काढायला लागली. रवंथ मंदावली. एका सकाळी थेंबाताईनं कुशीला कान लावला तर आत काहीच नव्हतं. तिनं दुसऱ्या जागी लावून पाहिला, मग तिसऱ्या. दर्या ओसरून गेल्यासारखा. डॉक्टरीणबाईनं थेंबभर पाणी काचेवर घेतलं. पोहणारं कुणी उरलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. तिनं तिथल्या तिथं तेल बंद केलं आणि म्हणाली, आता हिच्या पोटात नवी वस्ती करावी लागेल, धाकटीच्या पोटातून आणून.

पण मामा नेमके त्या दिवशी गावाला गेले होते. दोन बायका, दोन गाई आणि गार पडू न देता करायचं काम. त्यात थेंबाताईच्या लक्षात आलं की आपला चष्मा घरीच टेबलावर राहिला आहे. ती नुसती उभी होती, आणि गोठ्याच्या दारात शाल पांघरलेली एक बाई येऊन थांबली.

भावजय होती. किती महिन्यांत जिना उतरली नव्हती ती. हातात चष्म्याचं घर होतं.

"दिसणार नाही तुम्हाला त्या नळीवरचं," ती म्हणाली. "म्हणून आले."

डॉक्टरीणबाईनं तिच्या हातांकडं पाहिलं. लांब, सडपातळ हात, कोपरापासून बोटांपर्यंत निमुळते. तिनं ओळखपाळख काही विचारली नाही, शाल काढून ठेवाल का, एवढंच विचारलं. भावजयीनं थेंबाताईकडं पाहिलं. थेंबाताईनं मान हलवली. मग तिनं शाल खुंटीला अडकवली, डॉक्टरीणबाईनं दिलेला लांब हातमोजा चढवला आणि धाकटीच्या उघड्या झाकणातून हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, जवळजवळ खांद्यापर्यंत हात दिसेनासा झाला. धाकटी शांत उभी होती, तोंडातलं चघळत.

भावजयीचा चेहरा हळूहळू बदलला. कपाळावरची आठी, जी थेंबाताईला आता तिच्या चेहऱ्याचा भागच वाटायला लागली होती, सैल झाली.

"वन्सं," ती म्हणाली, "आत किती ऊब आहे."

"माहितीये," थेंबाताई म्हणाली.

"काहीतरी हाताला धरतंय. धरतंय आणि सोडतंय."

"तिचं पोट हलतंय ते. असंच हलायला हवं."

भावजयीनं डोळे मिटले. बादली घेऊन थेंबाताई शेजारी उभी, खिडकीपाशी डॉक्टरीणबाई झाकण काढून तयार, आणि घाई करायची खरी, पण भावजयीला कुणी हात काढायला सांगितलं नाही. गोठ्यात नुसता चघळण्याचा आवाज होता. मग भावजयीनं ओंजळ ओंजळ करून वाफाळता लगदा बादलीत काढला, थेंबाताईनं वर गरम फडकं झाकलं आणि तिघींनी मिळून तो खिडकीच्या पोटात घातला. शेवटची ओंजळही भावजयीनंच घातली. हात धुऊन झाल्यावर ती शाल घ्यायला विसरली. घरी पोचल्यावर थेंबाताईच्या लक्षात आलं.

खिडकी दुसऱ्या दिवशी दुपारी बसली आणि जबडा हलवायला लागली. मामा परतले होते. त्यांनी कान लावला, मग थेंबाताईला जागा करून दिली. लाट अजून लहान होती, अडखळत होती, पण होती.

पुढं थोड्या मात्रेवर वर्षभर काम चाललं. कमी तेलानं ढेकर जरा कमी व्हायचे, चारा जरा बरा अंगी लागायचा, खिडकीची कांती तुकतुकीत झाली. पण काही आठवड्यांनी पोटातले जीव त्या तेलाला सरावून जायचे आणि सगळं पुन्हा बरंचसं आधीसारखं व्हायचं. डॉक्टरीणबाई खट्टू झाली, पण जे दिसलं तेच तिनं लिहिलं. तेलं आलटून पालटून देऊन पाहायची, असं पुढचं ठरलं. थेंबाताईला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसेना. दुकानातसुद्धा एकच अत्तर रोज लावणाऱ्याला काही दिवसांनी त्याचा वास येईनासा व्हायचा, मग तो दुसरं मागायचा.

भावजय आता केंद्रावर येऊ लागली. गाळायची फडकी ती उकळायची, वाळवायची, फाटली की शिवायची. तिच्या बोलण्याला पहिल्यासारखं भरतं आलं नाही, पण जे बोलायची ते मोजकं आणि नेमकं. मामांना ती एकदाच टोमणा मारायची आणि ते संध्याकाळपर्यंत उत्तर शोधत बसायचे. केंद्रातल्या चहाला कधी पुदिन्याची तर कधी ओव्याची चव लागते, ही तक्रारही तिनंच पहिल्यांदा केली. मग शोध लागला की चहाचं दूध खिडकीचंच होतं.

आधी अत्तराच्या दुकानाला आणि आता केंद्राला रानओव्याचं तेल पुरवणारा एक भट्टीवाला होता, डोंगराकडचा. तो वर्षातून एकदा डबे घेऊन यायचा आणि दरवेळी म्हणायचा, फुलांच्या दिवसांत या की. कुणी जात नसे. त्या वर्षी भावजय म्हणाली, जाऊ या. दोघी सकाळच्या बसनं निघाल्या.

बसमधून उतरून वळण घेतलं आणि समोर अख्खा उतार फिकट जांभळा झालेला दिसला. झुडपं गुडघ्याच्याही खालपर्यंतच, त्यावर मधमाश्यांची गुणगुण, आणि खाली भट्टीचा धूर सरळ वर जाऊन मग आळसावल्यासारखा पसरत होता. थेंबाताई काठावरच थांबली. इतकी वर्षं ज्याचे थेंब मोजले ते झाड तिनं कधी पाहिलेलंच नव्हतं. भट्टीवाल्याला वाटलं बाई दमल्या, तो पाणी आणायला गेला.

ती खाली बसली. एक डहाळी वाकवली, पान तोडून चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. डब्यातल्या तेलापुढं हा वास अगदीच हलका होता, पण त्यात माती होती, धूळ होती, ऊन होतं. तिनं पान तोंडात टाकलं. उतारावर थोडी मेंढरं सुटी चरत होती. गवत खाता खाता मधेच एखादं ओव्याचा एक शेंडा तोडायचं आणि पुढं सरकायचं. भावजय चपला काढून झुडपांच्या मधे आडवी झाली होती. तोंडावर हात घेतलेला, श्वास लांब.

भट्टीवाला पाणी घेऊन आला, बस यायची वेळ झाल्याचं सांगू लागला. थेंबाताईनं झोपलेल्या भावजयीकडं पाहिलं आणि उद्याची बस किती वाजता असते, ते विचारलं.